राखाडीचा दिवस

नवरात्राच्या आधी गुलमंडीच्या बाजारात साडी घ्यायला गेलं, की ऐकू येतं, ‘दादा, राखाडीत काही दाखवा ना!’ एरवी सणासुदीला राखाडीकडे कोण बघतं? पण नवरात्रात रोज एक नेसायच्या नऊ रंगांच्या यादीत तिलाही एक दिवस मिळाला आणि कर्णपुऱ्याच्या देवीसमोरची रांग त्या दिवशी ढगाळ आभाळासारखी दिसू लागली.

ही यादी पोथीतली नाही. 2000 नंतरच्या दशकात मराठी वृत्तपत्रांनी ती घराघरांत नेली. रंगांचा क्रम दरवर्षी बदलतो, कारण पहिल्या सात दिवसांचा रंग वारावर ठरतो. 2024 मध्ये घटस्थापना गुरुवारी होती, म्हणून सुरुवात पिवळ्याने झाली. 2025 मध्ये सोमवारी, म्हणून पांढऱ्याने. सोमवारचा चंद्र पांढरा, मंगळ लाल, गुरू पिवळा, इथवर ग्रहांशी जुळतं. बुधाचा रंग मात्र परंपरेने हिरवा, आणि यादीत बुधवार निळा! म्हणजे अर्धी परंपरा, अर्धी नवी रचना.

अमेरिकेतली पँटोन कंपनीही 2000 पासून ‘वर्षाचा रंग’ जाहीर करते. 2025 साठी तिने मोका मूस हा तपकिरी रंग निवडला. तो रंग तज्ज्ञ निवडतात, कपडे-फर्निचरवाले उचलतात. आपल्याकडे मात्र बँकेतल्या काउंटरवरची ताई, शाळेतल्या बाई, भाजीवाली मावशी एकाच सकाळी एकाच रंगात दिसतात. नवी साडी नसेल तर शेजारणीची मागून आणतात. मला या रंगांचा खरा अर्थ त्या मागून आणलेल्या साडीत दिसतो.