४,२९,४९,६७,२९७ : मूळ वाटणारी संयुक्त संख्या

२ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही दहा अंकी संख्या येते. ती विषम आहे, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज ५९ असल्याने तिला ३ नेही भाग जात नाही. ७, ११, १३ लावून पाहिले तरी बाकी उरतेच. एवढ्यावरून ती मूळ संख्या असावी असे वाटते. पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञालाही तसेच वाटले. २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात घेऊन १ मिळवल्यास ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या मूळ संख्या मिळतात. याच रीतीने घातांक दुप्पट करत गेल्यास पुढेही मूळ संख्याच येतील, असे त्याचे मत होते. ते त्याने सिद्ध केले होते, हा समज मात्र खरा नाही. सिद्धता हाती नसल्याचे त्याने १६४० मधील पत्रात लिहिले आहे.

१७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलरने दाखवले की ही संख्या ६४१ × ६७,००,४१७ इतकी आहे. दोन्ही अवयव मूळ आहेत.

हा शोध अफाट आकडेमोडीतून लागला, असेही मानले जाते. वास्तविक मूळ संख्यांनी ओळीने भाग देत गेले तरी ६४१ चा क्रमांक ११६वा आहे. शिवाय या संख्येचा मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो, हे ऑयलरने सिद्ध केले. मग १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ असे पाचव्याच प्रयत्नात काम होते. आश्चर्य वाटावे ते फर्माच्या हातून ६४१ कसा निसटला याचेच.

भागाकार न करताही हे पटवता येते. ६४० ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ मानता येते, म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १. ६४० म्हणजे ५ × १२८. तेव्हा ६४० चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८वा घात. या गुणाकारातून १ वजा केला की ६४१ ने भाग जातो. दुसरीकडे ६४१ = ६२५ + १६. या बेरजेला २ च्या २८व्या घाताने गुणले की तोच गुणाकार अधिक २ चा ३२वा घात मिळतो, आणि त्यालाही ६४१ ने भाग जातो. दोहोंची वजाबाकी केली की उरते ती आपली दहा अंकी संख्या.

फर्माच्या छोट्या सिद्धांतानुसार, विषम मूळ संख्येहून एकने कमी इतका २ चा घात घेऊन त्याच संख्येने भागल्यास बाकी १ येते. बाकी १ आली की संख्या मूळ ठरली, असा उलटा अर्थ काढणे चूक आहे. ४,२९,४९,६७,२९७ ही कसोटी पार करते; २ ऐवजी ३ घेतला की नापास होते.

अवयव सापडल्याशिवाय संख्या संयुक्त ठरवता येत नाही, हा आणखी एक गैरसमज. २ च्या १०,४८,५७६व्या घातात १ मिळवून येणारी ३,१५,६५३ अंकी संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे; तिचा एकही अवयव मात्र सापडलेला नाही. ६५,५३७ नंतर या मालिकेत एकही मूळ संख्या आजवर आढळलेली नाही. ती असूच शकत नाही, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.