पर्समधल्या तीन बाटल्या

गेल्या महिन्यात साताऱ्याजवळ थोरल्या मावशीच्या नातीचं लग्न होतं. जेवणं उरकली होती, पाठवणीला अवकाश होता आणि कार्यालयातल्या वरच्या खोलीत आमच्या तिन्ही मावश्या गाद्यांवर पाय पसरून बसल्या होत्या. धाकटीने पर्समधून डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढली. मधली म्हणाली, "अगं, ही तर माझी!" आणि तिने तशीच बाटली काढून दाखवली. थोरली जरा वेळ गप्प राहिली, मग तिनेही पिशवी उघडली.

तिघींनाही काचबिंदू. एक पुण्याला, एक बडोद्याला, एक कराडला. फोनवर रोज बोलणं होतं, पण ते गुडघे आणि सुनांविषयी. थोरलीने तर मुद्दाम लपवलं होतं. नातीची बोलणी चालू असताना घरात डोळ्यांचं दुखणं आहे हे कशाला कळू द्यायचं, हा तिचा हिशेब!

मग आजीचा विषय निघाला. आजीला शेवटची काही वर्षं दिसत नव्हतं. "मोतीबिंदू पिकला" असं सगळे म्हणत. ऑपरेशन झालं, तरी नजर आली नाही. तिला नक्की काय झालं होतं हे आता सांगता येणार नाही, पण संशयाला भरपूर जागा आहे. माझी आई आज नाही. असती तर चौथी बाटली निघाली असती का, कुणास ठाऊक. तिने चष्म्याच्या नंबरापलीकडे डोळे कधी तपासलेच नाहीत.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची नावं सारखी वाटतात, पण दोघांचा स्वभाव वेगळा. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते बदललं की सहसा पुन्हा दिसू लागतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. एका प्रकारात डोळा लाल होऊन असह्य दुखतो, पण नेहमी आढळणारा प्रकार मात्र अगदी गुपचूप येतो. आधी कडेची नजर जाते. समोरचं नीट दिसत असतं, पेपर वाचता येतो, त्यामुळे माणूस निर्धास्त असतो. गेलेली नजर कोणत्याही उपायाने परत येत नाही; उरलेली मात्र थेंबांनी, लेसरने किंवा शस्त्रक्रियेने बऱ्याचदा राखता येते. म्हणून आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर दृष्टी चांगली असली तरी तपासणी हवी. नुसता दाब मोजून भागत नाही, कारण दाब ठीक असूनही काचबिंदू होऊ शकतो. नस आणि कडेची नजरही पाहावी लागते.

आपल्याकडे घराण्याचे कुलवृत्तांत छापतात. कोण कुठून आला, कुणी इनाम मिळवलं, सगळं त्यात असतं. पण ती वंशावळ बहुधा मुलग्यांची. जनुकं मात्र आईकडूनही निम्मी येतात. आपली सरासरी पाव जनुकं मावशी-मामांशी जुळतात, तेवढीच काका-आत्यांशीही. चुलत-मावस भावंडांशी आठवा हिस्सा. हे सगळे एका छपराखाली सापडतात ते लग्नातच. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा दिवस 2004 पासून कुटुंबाचा आरोग्य-इतिहास विचारण्याचा दिवस म्हणून पाळतात; आपल्याला वेगळा दिवस शोधायला नको.

विचारताना आजाराच्या नावाबरोबर वयही विचारावं. आजोबा ऐंशीव्या वर्षी हृदयविकाराने गेले, याने फारसं बिघडत नाही. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर डॉक्टर तुमच्या कोलेस्टेरॉलकडे वेगळ्या नजरेने पाहतील. आते-मामे भावंडांत लग्नं होणाऱ्या घरांत थॅलेसेमियासारख्या आजारांची चौकशी तर बोलणी सुरू होण्याआधीच व्हायला हवी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के असते, आणि वाहक आहोत की नाही हे रक्ताच्या साध्या चाचणीत कळतं. पंगतीत मात्र हे विषय काढू नयेत. दुपारच्या गाद्यांवर, चहाबरोबर, आपोआप निघतात.

त्याच आठवड्यात मी डोळे तपासून घेतले. दाब ठीक निघाला, पण डाव्या डोळ्याची नस डॉक्टरांना जरा संशयास्पद वाटली. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. मामेभावाला फोन केला, तर तो म्हणाला, "मला लख्ख दिसतं, मी कशाला जाऊ?" पुढच्या महिन्यात त्याच्या मुलाचा साखरपुडा आहे. मी एक दिवस आधी पोचतोय आणि तिथल्या नेत्रतज्ज्ञांकडे त्याच्या नावाने वेळ घेऊन ठेवली आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.