कालव्याच्या वाटेतील वनजमीन

धरणाची भिंत उभी राहिली म्हणजे पाणी आले, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. परंतु शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पाणी नेतो तो कालवा, आणि तो पूर्ण होण्यास भिंतीपेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर शेती ओलिताखाली यावी हा त्यामागचा उद्देश. तीस वर्षे उलटली तरी वितरिकांची कामे चालूच होती. निधी, भूसंपादन, कामाचा दर्जा अशी त्याची कारणे अनेक. सगळा दोष जंगलावर टाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. तथापि वनजमिनीचा प्रश्न वेळीच समजून घेतला नाही तर काम कसे अडते, हे विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे.

रस्त्याला वळण देता येते. कालव्याचे तसे नाही. पाणी केवळ उताराने वाहते, म्हणून कालवा समपातळीच्या रेषेला धरून अगदी अल्प उतार देत न्यावा लागतो. जंगल टाळण्यासाठी तो खाली उतरवला की वरची सर्व शेते लाभक्षेत्रातून बाहेर पडतात. शिवाय मधला अर्धा किलोमीटर राहिला तर पुढचे खोदलेले दहा किलोमीटर कोरडेच! त्याचा फटका बसतो टेलच्या शेतकऱ्याला, आणि तो बहुधा अल्पभूधारकच असतो.

१९८० च्या वन संवर्धन अधिनियमानुसार (२०२३ मध्ये त्याचे नाव बदलले) वनजमीन अन्य कामासाठी वापरण्यापूर्वी केंद्र शासनाची मान्यता लागते. प्रथम अटींसह तत्त्वतः मंजुरी मिळते. पर्यायी वनीकरणासाठी साधारणतः तेवढीच वनेतर जमीन द्यावी लागते व जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्य भरावे लागते. अटी पूर्ण झाल्यावर अंतिम मंजुरी. यांत वर्षे जातात. म्हणून आखणीच्या वेळीच प्रस्ताव जावयास हवा, खोदकाम जंगलाच्या कडेला येऊन थांबल्यावर नव्हे.

पूर्व विदर्भात आणखी एक पेच आहे, तो झुडपी जंगलाचा. जुन्या मध्य प्रांताच्या महसूल दप्तरात मुरमाड, झुडपांच्या व गुरचराईच्या जमिनीस हे नाव पडले. डोळ्यांना तेथे माळरान दिसते, म्हणून गावकरी म्हणतात, "येथे कसले आले जंगल?" परंतु सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने वनाचा अर्थ व्यापक केला आणि २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल ही वनजमीनच मानावी असे स्पष्ट केले. तेव्हा कालव्याच्या रेषेतील प्रत्येक गट क्रमांकाचा सातबारा व जुना अभिलेख पाहिल्याशिवाय जमीन मोकळी समजू नये.

लहान कामासाठी मात्र जवळची वाट आहे, आणि ती आपल्या गावांत फारशी ठाऊक नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, रस्ता, तलाव यांबरोबर लहान सिंचन कालव्यांचाही समावेश आहे. काम शासनाने चालविलेले असावे, प्रत्येक कामासाठी वनजमीन एक हेक्टरपेक्षा कमी लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. मग प्रकरण दिल्लीला जात नाही. विभागीय वन अधिकाऱ्याच्या पातळीवर निर्णय होतो. हिशेब करून पाहा: दहा मीटर रुंदीचा पट्टा धरला तर एक हेक्टरात एक किलोमीटर लांबी बसते. आठ मीटरमध्ये भागले तर सव्वा किलोमीटर. गावच्या लघुवितरिकेला वाटेत लागणारा जंगलाचा तुकडा पुष्कळदा यापेक्षा लहानच असतो. मोठ्या कालव्याचे तुकडे पाडून मात्र ही सवलत घेऊ नये. ती गावच्या सोयीसाठी आहे.

ग्रामसभेपुढे जाताना पाटबंधारे शाखेकडून आखणीचा नकाशा मागून घ्यावा, वनरक्षकासमवेत रेषेवर चालत जाऊन झाडे मोजावीत आणि तो आकडा ठरावातच लिहावा.