लोकसहभागातून शाळा (लेखांक 4) : पाळीवरचे पालक आणि शाळेची समिती

कोल्हापूर जिल्ह्यात शाळेला सढळ हाताने मदत करण्याची रीत जुनी असून, ग्रामस्थ, माजी विद्यार्थी आणि उद्योजक यांच्याकडून रोख किंवा वस्तुरूपाने मिळवलेल्या अशा मदतीला शिक्षकवर्गात ‘शैक्षणिक उठाव’ म्हटले जाते. हातकणंगले तालुक्यातील शिरोली एमआयडीसीसारख्या फौंड्री आणि मशीनशॉपच्या वसाहतीत या उठावाची अपेक्षा साहजिकच कारखानदारांकडून केली जाते. मात्र कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार नफ्याचा 2 टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन केवळ 500 कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एखादी मर्यादा गाठणाऱ्या कंपनीवरच असल्यामुळे, लहान कारखान्याची मदत ही मालकाच्या इच्छेवरच अवलंबून राहते. पंखे, बाकडी, पाण्याची टाकी यांची गरज खरीच आहे. तथापि शाळेविषयीचे निर्णय कोण घेते, हा सहभागाचा अधिक महत्त्वाचा निकष होय.

1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने (2009) हा निकष कायद्याच्या भाषेत आणला. त्याच्या कलम 21 नुसार विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते, तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य त्या शाळेतील मुलांचे पालक असतात, निम्मे सदस्य स्त्रिया असतात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा, म्हणजे शाळेच्या पुढील गरजांची लेखी योजना, तयार करून तिची शिफारस करणे ही या समितीची कामे आहेत.

औद्योगिक वसाहतीच्या दृष्टीने या तरतुदीतील एक बाब फार मोलाची आहे. ग्रामसभेत बसण्याचा अधिकार गावच्या मतदारयादीत नाव असलेल्यांनाच असतो, त्यामुळे बिहार, उत्तर प्रदेश किंवा कर्नाटकातून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारे आणि मतदार म्हणून मूळ गावीच नोंदलेले फौंड्री कामगाराचे कुटुंब तिथे बाहेरचेच ठरते. शाळेच्या समितीसाठी मात्र मुलाचे नाव पटावर असणे पुरते. असे असूनही बैठक सकाळी अकराला ठेवली आणि सूचना फक्त मराठीत फळ्यावर लिहिली, तर पहिल्या पाळीवर असलेल्या मोल्डरला खाडा करून, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडूनच, हजर राहावे लागते. मग तो येत नाही, आणि त्याच्या न येण्याला अनास्था म्हटले जाते. हा निष्कर्ष त्या पालकावर अन्याय करणारा आहे.

समिती केवळ कागदावर असल्यास काय होते, हे अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या संस्थेसोबत उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात केलेल्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. ग्राम शिक्षण समितीचे अधिकार गावकऱ्यांना सभा घेऊन समजावून सांगितले, तरी शाळेच्या कामकाजात पालकांचा सहभाग वाढला नाही, आणि काही सदस्यांना तर आपण समितीवर आहोत हेही ठाऊक नव्हते. परंतु त्याच जिल्ह्यात स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले, तेव्हा त्या वर्गांना येणाऱ्या मुलांचे वाचन सुधारले. नुसती माहिती देऊन सहभाग वाढत नाही, त्यासोबत हाताला ठरावीक काम द्यावे लागते, असे यावरून म्हणता येते.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. आजच्या कायद्याने त्याच पालकाच्या हाती शाळेवरील देखरेख दिली आहे. ती प्रत्यक्षात यावी यासाठी मुख्याध्यापकांनी पालकसभा कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घ्यावी, सूचना हिंदी आणि कन्नडमध्येही द्यावी, आणि सुट्टीचा दिवस जमत नसेल तेथे कारखानदारांनी पालक असलेल्या कामगाराला सभेपुरती दोन तासांची पगारी सवलत द्यावी.