देवीचा शालू आणि बुवांचे धोतर

नवरात्रात तिरुपतीहून करवीरनिवासिनी अंबाबाईस शालू येतो. त्या सोहळ्याचे रसभरित वर्णन करणारे आम्ही, पन्नाशी उलटल्यावरही विरलेल्या धोतरातच नारदाच्या गादीवर उभे राहत होतो. त्यास वैराग्य म्हणत असू. वाचकहो, खरे पाहता तो आळस होता. आणि दिवंगत सहधर्मिणीच्या हातचे रफू टाकवतही नव्हते.

गडमुडशिंगीस कीर्तन होते. पूर्वरंगात गीतेतील जीर्ण वस्त्रांचाच दृष्टान्त लावला होता! आरतीनंतर पाया पडताना एका वृद्ध माउलीने हळूच विचारले, "बुवा, घरात कोण बघणारं न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गांधीनगरात गेलो. फाळणीनंतर सर्वस्व मागे टाकून आलेल्या सिंधी बांधवांनी नावारूपास आणलेली ही कापडपेठ. दोन धोतरे, एक उपरणे आणि अंगरख्याचे कापड घेतले. शिंप्याने वहीतील आमचे जुने माप खोडले. पोट सुटले होते, खांदे उतरले होते. अंगरखा मात्र नेमका बसला. त्या दिवशी कीर्तनास उभे राहताना आम्ही उपरणे दोनदा सारखे केले, हे कबूल करतो.

रफूच्या धोतराचे आता पोथीस बासन झाले आहे.