रश्श्यावरचा कट पाण्यात का मिसळत नाही?

मटणाचा तांबडा रस्सा वाटीत वाढला की वर लाल तेल तरंगते. कोल्हापुरात आपण त्याला कट म्हणतो. पळीने कितीही ढवळा, थोड्या वेळाने तो पुन्हा वर येतोच. तेल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून ते वर राहते. पण गुळाचा खडा पाण्यात विरघळतो, मग तेल का मिसळत नाही?

याचे उत्तर अणूंच्या ओढाताणीत आहे. दोन अणू इलेक्ट्रॉनची भागीदारी करून जोडले जातात, पण ही भागीदारी नेहमीच समसमान नसते. सामाईक इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या अणूच्या क्षमतेला विद्युतऋणता म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये तिचे मोजमाप मांडले. आज त्या मापावर ऑक्सिजनची विद्युतऋणता ३.४४, कार्बनची २.५५ आणि हायड्रोजनची २.२० धरतात.

पाण्यात ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो. त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन होते. अशा रेणूला ध्रुवीय म्हणतात. एका रेणूचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला धरून राहते. गुळातील साखरही ध्रुवीय असल्याने पाणी तिला सामावून घेते. तेलाचा रेणू मात्र मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्यांचा असतो. त्यांच्यातला फरक अवघा ०.३५ आहे. त्यामुळे पाण्याला धरायला तिथे टोकच मिळत नाही.

मिरचीतील तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणूनच कट झणझणीत लागतो. मुलांच्या तोंडाची आग पाण्याने शमत नाही. त्यांना दूध किंवा दही द्या. दुधातील केसीन हे प्रथिन तिखट ओढून घेते.

हेच ज्ञान कधी जीवही वाचवते. इफ्तारची भजी तळताना कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर त्यावर पाणी मुळीच ओतू नका. पाणी तेलात मिसळत नाही. ते जड असल्याने खाली जाते आणि क्षणात त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते, त्यामुळे जळते तेल चहूकडे उडते. अशा वेळी गॅस बंद करा, कढईवर घट्ट बसणारे झाकण ठेवा, कढई हलवू नका आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत झाकण काढू नका. घरातल्या लहानथोर सर्वांना हे आजच सांगून ठेवा.