स्टँडासमोरचे तासांवरचे लॉज

लॉजमध्ये भाड्याचा दिवस एक तर दुपारी बारा ते बारा असा मोजला जातो, किंवा खोली घेतल्या क्षणापासून चोवीस तास. पण रात्रीच्या एसटीने पहाटे पाचला पुण्यात स्वारगेटला उतरून, रुग्णालयातले किंवा कोर्टातले काम आटोपून संध्याकाळची गाडी धरणाऱ्या माणसाला या दोन्ही हिशेबांत न वापरलेल्या तासांचेही पैसे मोजावे लागतात. तासांवरची खोली, म्हणजे तीन-चार तासांच्या बोलीवर दिलेली खोली, ही गरज भागवते. तिचे भाडे मात्र तासांच्या प्रमाणात उतरत नाही, कारण पाहुणा तीन तास राहो की रात्रभर, चादर, उशीचा अभ्रा आणि न्हाणीघराची सफाई प्रत्येक वेळी नव्यानेच करावी लागते. प्रवासी तरी मागतो काय, तर बादलीभर कढत पाणी, मोबाइल चार्जिंगला लावण्याची सोय आणि आतून नीट लागणारी कडी.

या व्यवसायाकडे संशयाने पाहिले जाते आणि त्याची झळ एकट्या स्त्रीला सर्वांत जास्त बसते. ओळखपत्र दाखवून, रजिस्टरात नाव-गाव व येण्याचे कारण लिहूनही तिला ‘खोली शिल्लक नाही’ असे सांगितले जाते, हे सरळसरळ अन्यायाचे आहे. अविवाहित सज्ञान जोडप्याने हॉटेलात एकत्र राहण्यास मनाई करणारा कायदा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले, तरीही गल्ल्यावरचा माणूस पुष्कळदा स्वतःच्याच नियमाने चालतो.